वाहून गेलेल्या मोरीखालची फरशी

मी सरकारी रस्त्यांचा अभियंता. पुराचं पाणी ओसरल्यावर मोरीच्या, म्हणजे रस्त्याखालून ओहोळ नेणाऱ्या छोट्या पुलाच्या, जागी नुसता खड्डा दिसेल, अशी मनाची तयारी करून मी गेलो होतो. खड्डा होताच. पण त्याच्या तळाशी दगडी फरशी निघाली. अख्खी. काळ्या पाषाणाची, या काठापासून त्या काठापर्यंत तीसेक मीटर लांब, कडेचे दगड अजून ओळीत. वरचा दोन मीटर भराव, तीन ह्यूम पाईप (काँक्रीटच्या नळ्या), डांबर, साईडपट्ट्या, कडेची माती धरणाऱ्या दोन्ही पंखभिंती, गावाच्या नावाची पाटी, एवढं सगळं ओहोळाने एका रात्रीत नेलं. ज्याच्यावर हे सगळं रचलं होतं, ते जागचं हललं नव्हतं.

रस्ता पेठ तालुक्यातला, नाशिक-पेठ महामार्गावरून कोटंबी घाटाच्या पुढे आत फुटणारा. नाशिकमध्ये पूर म्हटलं की रामकुंड. तिथल्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, आणि सगळे कॅमेरे तिकडे. आमच्याकडचं पाणी गोदावरीत जातच नाही, ते पश्चिमेला दमणगंगेकडे उतरतं, त्यामुळे मारुतीला आमचा पत्ताही नसतो. पेठ-सुरगाण्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, येवल्या-नांदगावकडे पाच-सहाशे. जिल्हा एक, कामांच्या सरकारी दरांची यादी म्हणजे दरसूची एक, एस्टिमेटचा साचाही एकच. नांदगावच्या कोरड्या नाल्यावर शोभणारी मोरी पेठच्या ओहोळावर बसवली की काय होतं, ते मी दर पावसाळ्यात बघतो.

पूर आला की अभियंता लगेच दुरुस्तीला लागतो, असा लोकांचा समज असतो. पहिल्या दिवशी आम्ही फक्त रस्ते बंद करतो, फोटो काढतो आणि तक्ते भरतो. तोच तक्ता तीन ठिकाणी, तीन वेगवेगळ्या नमुन्यांत. कुठला रस्ता, कुठली साखळी (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर), किती लांबी खचली, किती निधी लागेल. निधीचा आकडा जागेवर पोचायच्या आधीच मागतात. शेजारच्या हद्दीतले आमचे एक बंधू जीपच्या काचेतून बघून आकडा टाकतात, आणि खोटं कशाला बोलू, त्यांचा तक्ता माझ्या आधी पोचतो, शाबासकीही त्यांनाच मिळते.

रस्ता बंद करण्याच्या बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी पूल गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. तेव्हापासून पाणी पुलावर चढलं की माझा हात आधी बॅरिकेडकडे जातो. या मोरीवरही दोन्ही बाजूंना डांबराचे ड्रम, बांबू, लाल फडकं लावलं होतं. सकाळी बघतो तर एका बाजूचा ड्रम शेतात आणि खड्ड्याच्या काठावर चार पोरं मोबाईल धरून उभी. काठ खालून पोखरलेला. वर अर्धा फूट डांबर, खाली हवा. मी ओरडलो तर एक जण म्हणतो, “साहेब, दोनच मिनिटं.”

माझ्याबरोबर एक मैलकुली होते. मैलकुली म्हणजे रस्त्याच्या ठरावीक लांबीची देखभाल करणारा आमचा माणूस. खड्डा भरणं, गटार काढणं, पावसाळ्याआधी मोरीचं तोंड मोकळं करणं ही त्याची कामं. माझ्या हद्दीत आता मोजकेच उरलेत, आणि जे आहेत ते निवृत्तीला टेकलेले. फरशी दिसल्यावर हे काही बोलले नाहीत. खाली उतरले, ओल्या दगडावर हात फिरवला आणि म्हणाले, “सायेब, ही आमच्या आयनं वाहिलेली दगडं. रोजगार हमीतली.”

त्यांच्याकडून कळलं ते असं. आधी इथे ही फरशीच रस्ता होती. पावसात ओहोळ तिच्यावरून जायचा. लोक काठावर थांबायचे, चार-पाच तासांत पाणी उतरलं की जायचे. पुढे मागणी झाली की उतार-चढाव नको, रस्ता वर घ्या. कुणीतरी फरशीवरच नळ्या टाकल्या, भराव केला, वर डांबर. कागदावर त्याचं नाव नळकांडी मोरी. खालच्या फरशीची नोंद मी नंतर जुन्या दप्तरात शोधली, सापडली नाही.

दुपारपर्यंत दोन्ही बाजूंना गर्दी झाली. आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस, माणसं शेतात हवीत. पलीकडे रेशनचा टेम्पो अडकलेला. एका पिकअपमध्ये मजूर. सरपंच पंचेचाळिशीचे, समजूतदार, पण त्यांच्या मागे पन्नास जण. “साहेब, खाली फरशी आहे ना? पोकलेनने दोन्ही बाजूला उतार काढून द्या, जाऊ द्या लोकांना.” पोकलेन आलेलाच होता. प्रश्न उताराचा नव्हताच. ही फरशी वरून अख्खी दिसत होती, पण तिच्या पोटाखाली काय आहे, ते कोण सांगणार?

पाण्याच्या कामात जे दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. फरशी वरून घोटीव असते आणि खालच्या अंगाला, म्हणजे प्रवाह पुढे उतरतो त्या बाजूला, पाणी जिथे पडतं तिथे डोह झालेला असतो. त्या डोहातून पाणी उलटं आत खात येतं. मग एक दिवस टायरखालचा दगड खाली जातो. म्हणून आधी कमरेला दोर बांधून आम्ही खालच्या अंगाला उतरलो, पाणी पोटरीएवढं. बांबूने तळ चाचपत गेलो. जिथे डोह अपेक्षित होता तिथे कातळ लागला. फरशीची खालची भिंत सरळ कातळात बसवलेली होती, कातळाला छिन्नीने खाच पाडून. त्या खाचेत माझी बोटं गेली. असं काम आता मी करून घ्यायचं म्हटलं तर ठेकेदार हसेल, आणि दरसूचीत त्याला बाबही सापडायची नाही.

मग वरून पहार. दर दोन-अडीच फुटांवर एक ठोका. दगड नीट बसलेला असेल तर पहार उडते आणि टण्ण वाजते. खाली पोकळी असेल तर आवाज बद्द येतो आणि हाताला झिणझिण्या येत नाहीत. मैलकुली ठोकत होते, मी खडूने खुणा करत होतो. एका कडेला सलग चार ठोके बद्द आले, तिथे सांध्यात सळई घातली तर हातभर आत गेली. तेवढा पट्टा दगड मांडून बंद केला. बाकी सगळीकडे टण्ण. गर्दी एव्हाना गप्प झाली होती. पन्नास माणसं एका पहारेचा आवाज ऐकत उभी आहेत, हे दृश्य मी परत बघेन असं वाटत नाही.

परवानगी मी तोंडी दिली. माणसं उतरून चालत पलीकडे, गाडी रिकामी, एका वेळी एक, मधल्या पट्ट्यातूनच, आणि वरच्या अंगाला रंगाने मारलेल्या खुणेला पाणी लागलं की सगळं बंद. रेशनचा टेम्पो मी नेऊ दिला नाही. पोती माणसांनी डोक्यावरून आणली. टेम्पोवाला दिवसभर मला शिव्या देत होता. पिकअप मात्र गेली. काही झालं नाही. पण ज्या बांधकामाचं कागदावर अस्तित्वच नाही, त्यावरून मी वाहतूक सोडली होती. उद्या काही झालं असतं तर चौकशीत पहारेचा आवाज पुरावा म्हणून कुणी घेतला नसता.

रात्री हिशोब मांडला. ओहोळाचं पाणलोट क्षेत्र सुमारे दोन चौरस किलोमीटर. आमच्याकडे पुराच्या पाण्यासाठी इंग्लिस साहेबांचं सूत्र वापरतात. हे गृहस्थ खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात होते आणि सूत्र सह्याद्रीतल्या पुरांवरूनच बसवलेलं आहे. त्यात दोन घातले की सेकंदाला सत्तरेक घनमीटर येतात. वाहून गेलेले तीन पाईप एक मीटर व्यासाचे. तिघांचं तोंड मिळून अडीच चौरस मीटरही नाही. पाणी सेकंदाला तीन मीटर वेगाने धावलं तरी सात-आठ घनमीटर जाणार. आता तीस मीटरच्या फरशीवरून सव्वा मीटर पाणी चढलं तर किती जातं? सत्तरच्या आसपास. मी दोनदा तपासलं. ज्यांनी ती फरशी आखली त्यांनी हे सूत्र मांडलं होतं की ओहोळाच्या काठच्या झाडांवरच्या पुराच्या खुणा बघितल्या होत्या, माहीत नाही. आकडा मात्र बरोबर होता. त्यांनी पाण्याला वरून जायला जागा ठेवली, नंतरच्यांनी त्याच जागेवर दोन मीटरचा बांध घातला आणि त्याला तीन भोकं ठेवली. त्या रात्री बांबूची बेटं मुळासकट वाहत आली, भोकं बुजली, पाणी भरावावर चढलं, खालच्या अंगाला कोसळलं आणि पायथ्यापासून माती खात वर आलं.

हे सगळं मी मोठ्या साहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, माणूस चांगला आहे, आणि म्हणाले, “तुमचं बरोबर आहे, पण पूरहानीत पूर्ववत करायचं.” पूर्ववत म्हणजे होतं तसं. तीन पाईप होते, तीन पाईप. मोठा स्लॅबचा पूल हवा तर वेगळा प्रस्ताव, वेगळं लेखाशीर्ष, अर्थसंकल्पात नाव. तोवर रस्ता चालू पाहिजे. म्हणजे जे नेमकं चुकलं, ते तसंच परत बांधायला पैसे आहेत.

पाईप आले त्यातले काही एनपी-२ निघाले. पातळ भिंतीचा हलका पाईप, रस्त्याखाली चालत नाही. पट्टीने जाडी मोजून तेवढे परत पाठवले आणि जाड भिंतीचे एनपी-३ येईपर्यंत काम अडवलं. ठेकेदाराने सरपंचांना सांगितलं की साहेब काम होऊ देत नाहीत. पाईप फरशीच्या एका कडेला घेतले, बद्द वाजणारा पट्टा काँक्रीट भरून त्यांच्याखाली आला. उरलेल्या लांबीत भराव कमी ठेवला. रस्ता मध्ये हळूहळू खाली उतरतो आणि परत चढतो. उतरलेल्या भागावर काँक्रीट, खालच्या अंगाला माती धुपू नये म्हणून दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर. पूर आला तर पाण्याने तिथून जावं. पाईपची संख्या तीनच असल्याने पूर्ववत या शब्दाला धक्का लागला नाही. पिचिंग संरक्षक काम म्हणून बसलं. स्लॅबच्या पुलाचा प्रस्तावही वर पाठवला आहे. मैलकुलींनी बघितलं आणि एवढंच विचारलं, “मग तीच फरशी नीट करून ठेवली असती तर?” मी म्हटलं, दरवर्षी कितीदा रस्ता बंद राहील ते लोकांना चालणार नाही. ते म्हणाले, “आता पंधरा दिवस बंद होता, ते चाललं?”

परवा ग्रामपंचायतीचा ठराव आला. मधल्या खोलगट भागात पाणी साचतं, दुचाकी घसरतात, तरी रस्ता सरळ पातळीत उंच करून मिळावा, खाली पन्नासेक सह्या. पाणी साचतं हे खरं आहे, पावसाळ्यात तिथे बोटभर थर राहतो, तो काढायला आडवा उतार वाढवता येईल आणि तो मी देणार आहे. उंची देणार नाही. पण नाही म्हणायचं कारण शेऱ्यात काय लिहायचं, हे ठरत नाही. पाणी वरून जावं म्हणून रस्ता मुद्दाम खाली ठेवला आहे, हे लिहिलं तर वर कुणीतरी विचारणार की पूर्ववत कामात हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं.