शेवटच्या फॉइलवरची साय

चिमणीतून काहीच निघताना दिसत नव्हतं. धुराचा दाटपणा मोजणारा ओपॅसिटी मीटर पण शांत, ईएसपीची, म्हणजे विजेने राख ओढून पकडणाऱ्या यंत्राची, सगळी फील्ड (कप्पे) चालू, म्हटलं आज लवकर सुटणार. स्टॅक मॉनिटरिंग हे माझं काम, म्हणजे कोळशावरच्या बॉयलरच्या चिमणीला पोर्ट असतात, त्यातून प्रोब आत घालून गॅस ओढायचा आणि त्यातली धूळ मोजायची. एरवी एकच फिल्टर असतो, सगळी धूळ त्यावर गोळा, वजन केलं की विषय संपला. पण ह्या बॉयलरला कोळसा बदलला होता, नवीन माल कमी राखेचा आणि सोडियम जास्त असलेला, म्हणून साइजवार मोजा असं सांगितलेलं, त्यामुळे कणांची आकारानुसार वाटणी करणारा कॅस्केड इम्पॅक्टर वर चढवावा लागला.

इम्पॅक्टर दिसायला एकावर एक रचलेल्या चाळण्यांसारखा, पण ती चाळणी नव्हे. खाली खाली भोकं बारीक होत जातात तसा गॅसचा वेग वाढतो, मोठ्या कणाला वळण घेता येत नाही, तो समोरच्या ग्रीस लावलेल्या फॉइलवर आपटून चिकटतो आणि हलका कण गॅसबरोबर वळून पुढे निसटतो. सगळ्यात शेवटी जे काही उरेल त्याला बॅकअप फिल्टर.

पहिला रन, म्हणजे पहिली मोजणी, मी घालवला. घाई केली, इम्पॅक्टर आत जाऊन नीट तापायच्या आधीच पंप चालू. गॅस असेल 140 डिग्रीच्या आसपास आणि हे धूड गार, मग व्हायचं तेच झालं, गॅसमधल्या सल्फर ट्रायऑक्साइडची पाण्याच्या वाफेशी गाठ पडून सल्फ्युरिक अ‍ॅसिड त्या गार पत्र्यावर धरलं. उघडलं तर फॉइल तेलकट ओल्या. ज्युनिअर पोरगा म्हणाला, सर ग्रीस जास्त झालं का? म्हटलं ग्रीस नाही रे, माझी अक्कल कमी झाली. दोन तास पाण्यात, म्हणजे अ‍ॅसिडात.

दुसऱ्या वेळी मुकाट्याने पाऊण तास तापू दिला.

लॅबमध्ये फॉइल काढताना वरच्या प्लेटा जवळजवळ कोऱ्याच, एखाद दुसरा करडा ठिपका. हे अपेक्षितच होतं, सोडियममुळे राखेचा विद्युत रोध कमी होतो आणि ईएसपी मोठे कण अजूनच छान पकडतो. पण खालच्या दोन फॉइलवर प्रत्येक भोकासमोर एकसारखी करडी-पांढरी साय, बोट लावलं तर पुसली जाईल इतकी पातळ. आधी वाटलं परत अ‍ॅसिडच. डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेवून पुन्हा वजन, ब्लँक म्हणजे न वापरलेल्या फॉइलचं वजन, सगळं दोनदा केलं. कोरडी धूळच होती ती. मग एक तुकडा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला दिला.

वरच्या फॉइलवरचे कण म्हणजे काचेच्या गुळगुळीत गोट्या, काही मायक्रॉनच्या. ते सरळ आहे, कोळसा दळून भट्टीत उडवतात, बराचसा 75 मायक्रॉनपेक्षा बारीक, त्या दाण्यातली माती आणि क्वार्ट्झ वितळून थेंब होतात, थेंब एकमेकांत मिसळतात आणि गार झाले की गोटी. खालच्या फॉइलवर मात्र मण्यांच्या तुटक्या माळा होत्या, एकेक मणी 0.1 मायक्रॉनच्या आतबाहेर.

पोराने विचारलं, दळताना इतकं बारीक होतं का? नाही, आणि मला ह्या धंद्यात सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट हीच. हा कण दळून किंवा फुटून झालेलाच नाही, तो आधी गॅस होता! जळत्या दाण्याच्या पोटात ऑक्सिजन जवळपास नसतो, कार्बन मोनॉक्साइड भरलेला असतो, तापमान दीड हजार डिग्रीच्या पुढेमागे, तिथे थोड्या सिलिकाचा, म्हणजे क्वार्ट्झमधल्याच मालाचा, एक ऑक्सिजन निघून सिलिकॉन मोनॉक्साइड होतो आणि त्याची चक्क वाफ होते, सोडियम पोटॅशियम तर सहजच उडतात. ही वाफ दाण्याबाहेर आली की तिला ऑक्सिजन भेटतो, लगेच घट्ट होऊन काही नॅनोमीटरचे कण जन्मतात, ते आपटून आपटून चिकटतात, त्याच्या माळा. पुढे गॅस गार होत जातो तसं आर्सेनिक, सेलेनियम ह्यांच्या वाफा ह्याच माळांवर बसतात, कारण वजनाच्या मानाने पृष्ठभाग ह्यांचाच जास्त. म्हणजे विषारी माल नेमका सगळ्यात बारीक कणावर, जो श्वासातून फुप्फुसात पार खोल पोचतो.

आणि ईएसपीचं नेमकं इथेच कच्चं आहे. मोठ्या कणाला विजेच्या क्षेत्रात भरपूर चार्ज मिळतो, फारच बारीक असेल तर तो इकडेतिकडे भरकटत चार्ज गोळा करतो, पण 0.1 ते 1 मायक्रॉनमध्ये दोन्हीकडून उपाशी, तिथूनच सगळ्यात जास्त निसटतात.

ऑपरेटर आकडे बघायला आला. म्हणाला, साहेब टोटल तर मागच्या कोळशापेक्षा कमी आलीय, मग तोंड का पाडलंय? त्याला कागदावर गणित करून दाखवलं, 10 मायक्रॉनच्या एका गोटीच्या वजनात 0.1 मायक्रॉनचे दहा लाख मणी बसतात. तो बराच वेळ त्या शून्यांकडे बघत बसला. मग विचारलं, आणि बाहेर गेल्यावर? बाहेर अजून वेगळंच, सल्फर डायऑक्साइड गॅस म्हणूनच चिमणीतून जातो आणि हवेत काही तासांनी, कधी दिवसांनी त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात, ते माझ्या कुठल्याच फॉइलवर येत नाहीत.

रिपोर्टच्या फॉर्मात धुळीला एकच रकाना आहे, मिलिग्रॅम प्रति घनमीटर. तो भरला, मर्यादेच्या आत. साइजचा ग्राफ मी चौथ्या पानावर जोडला, मायक्रोस्कोपच्या फोटोसकट. दुसऱ्या दिवशी फोन आला तो फक्त पहिल्या रनची वेळ का खोडलीय हे विचारायला.