पक्क्या बिलापायी अडलेले ग्राफिक्स कार्ड

गेमिंग आणि लाइव्ह स्ट्रीमिंगसाठी एकेक भाग निवडून संगणक जुळवायचा म्हटले की, सगळी चर्चा प्रोसेसर कोणता आणि ग्राफिक्स कार्ड कोणते यावरच होते. थोडा अभ्यास केल्यावर माझी ही निवड सहज मार्गी लागली. ज्या गोष्टीने मला खरा मनस्ताप दिला आणि जिचा राग अजूनही पुरता गेलेला नाही, ती म्हणजे बिलावरची एक ओळ.

निवडीबद्दल आधी सांगतो. स्ट्रीमसाठी लागणारे व्हिडिओ एन्कोडिंग, म्हणजे चित्र दाबून इंटरनेटवर पाठवण्याजोगे लहान करण्याचे काम, प्रोसेसरने करायचे की ग्राफिक्स कार्डाने, हे ठरले की बाकीचे बरेचसे आपोआप ठरते. प्रोसेसरवर एक्स२६४ हे सॉफ्टवेअर वापरून एन्कोडिंग केले, तर खेळ आणि स्ट्रीम एकाच प्रोसेसरच्या ताकदीवर ओढाताण करतात. एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांमध्ये मात्र या कामासाठी एनव्हेंक हा स्वतंत्र भाग राखलेला असतो, त्यामुळे खेळाच्या फ्रेम्स (दर सेकंदाला दिसणारी चित्रे) फारशा घटत नाहीत. शिवाय ४० मालिकेपासून पुढच्या कार्डांवर एव्ही१ या नव्या पद्धतीचे एन्कोडिंगही होते आणि यूट्यूबवर ते थेट प्रक्षेपणासाठी चालते. म्हणून मी आठ कोअरच्या प्रोसेसरचा आग्रह सोडला, सहा कोअरचा रायझन ५ ७६०० घेतला आणि वाचलेले पैसे आरटीएक्स ५०६० टीआय या कार्डाच्या १६ जीबीच्या आवृत्तीत घातले. हेच नाव असलेले ८ जीबीचे कार्डही बाजारात आहे, तेव्हा भाव विचारताना आणि क्वोटेशन घेताना मेमरीचा आकडा लिहून घ्यावा. सोबत १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम, साठवणुकीसाठी १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा भाग) आणि समोरून जाळी असलेले कॅबिनेट घेतले. मुंबईच्या उकाड्यात समोर काचेचे तावदान असलेले कॅबिनेट कितीही देखणे दिसले तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅप्चर कार्ड, म्हणजे दुसऱ्या यंत्राचे चित्र संगणकात घेणारे कार्ड, बहुतेक दुकानांत आवर्जून सुचवले जाते. पण प्लेस्टेशनसारखा कन्सोल किंवा दुसरा संगणक स्ट्रीममध्ये आणायचा नसेल, तर त्याची काहीही गरज नाही.

खरेदी लॅमिंग्टन रोडवर केली. ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला उतरून चालत गेले की काही मिनिटांत हा बाजार लागतो, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव दिसेल. तिथे प्रत्येक भागाचे दोन भाव ऐकायला मिळाले, बिलासह आणि बिलाशिवाय, कारण या वस्तूंवर १८ टक्के जीएसटी आहे. मी सुरुवातीपासून बिलासहचाच भाव विचारत होतो. जुळवलेल्या संगणकाला एकच अशी वॉरंटी नसते. प्रत्येक भागाची वॉरंटी त्या त्या कंपनीकडून वेगळी मिळते आणि ती मागायची तर हातात पक्के बिल लागते. ज्या दुकानाशी व्यवहार ठरला, तिथे पैसे देण्यापूर्वीच मी सांगितले होते की बिलावर प्रत्येक भागाचे नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक वेगवेगळे हवेत. काउंटरवरच्या गृहस्थांनी मान डोलावली. मग सगळ्या पेट्या बांधून झाल्यावर त्यांनी सांगितले, "दादा, प्रिंटर बंद आहे, संध्याकाळी व्हॉट्सॲपवर बिल पाठवतो."

संध्याकाळी बिल आले. जीएसटी क्रमांक होता, रक्कम बरोबर होती, कराची विभागणीही होती; मात्र वस्तूंच्या रकान्यात एकच ओळ होती, "कॉम्प्युटर सेट, १ नग". मी त्याच संध्याकाळी दुरुस्तीची मागणी लिहून पाठवली. "करतो" असे उत्तर आले आणि त्यानंतर रोज तेच येत राहिले.

इकडे संगणक जुळवून चालू केला. पहिल्यांदा चालू करताना डीडीआर५ रॅमचे जे ट्रेनिंग (बोर्डाने रॅमशी जुळवून घेणे) होते, त्यात काही मिनिटे पडदा काळाच राहतो आणि मदरबोर्डवरचा रॅमचा दिवा जळत राहतो. त्या वेळी घाबरून बटण दाबू नये. (चार खाचा असलेल्या बोर्डावर दोन रॅम बसवताना प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी खाच वापरावी.) सगळे व्यवस्थित चालले होते. पण लवकरच ग्राफिक्स कार्डाच्या दोन पंख्यांपैकी एक बंद पडला. खेळ सुरू केला की एक पंखा जोरात फिरू लागे आणि दुसरा नुसता थरथरून, पाव फेरा घेऊन जागीच थांबे. तापमान चढत जाई आणि तासाभराच्या स्ट्रीममध्ये खेळ अडखळू लागे.

कार्डाच्या कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेलो, तर आधी सांगण्यात आले, "सर, हा दोष नाही, भार कमी असताना पंखे आपोआप थांबतात." हे वैशिष्ट्य मला माहीत होते. म्हणून मी पडद्यावर तापमान आणि कार्डावरचा भार दिसतो आहे आणि शेजारी एकच पंखा फिरतो आहे, असा व्हिडिओ काढून नेला होता. तो पाहिल्यावर दोष मान्य झाला. त्यानंतर त्यांनी बिल पाहिले आणि कार्ड माझ्यापुढे सरकवले. बिलावर या कार्डाचे नाव नाही, अनुक्रमांक नाही, तेव्हा हे कार्ड याच बिलावर विकले गेले कशावरून, असा त्यांचा प्रश्न होता. मला तो अपमानास्पद वाटला, तरी त्यांच्या जागी तो रास्त होता, हे नाकारता येत नाही.

पुन्हा दुकान. आता तिथे नवे कारण तयार होते: महिना संपला, जीएसटीचे विवरणपत्र भरून झाले, आता बिलाला हात लावता येत नाही. हे इतक्या ठामपणे सांगितले गेले की, दुसरा कोणी असता तर मुकाट परत फिरला असता. आमच्या इमारतीत एक सनदी लेखापाल राहतात, त्यांना विचारल्यावर खरी स्थिती कळली. नोंदणी नसलेल्या ग्राहकाला राज्यातल्या राज्यात केलेली विक्री विवरणपत्रात एकत्रित रकमेने दाखवली जाते. कोणत्याही वस्तूचा अनुक्रमांक त्यात जातच नाही. बिलावर अनुक्रमांक छापणे जीएसटीच्या नियमांत सक्तीचे नाही हे खरे, पण वस्तूचे वर्णन सक्तीचे आहे. शिवाय बिलाला हात लावायचा नसेल, तर त्याच बिलाचा क्रमांक आणि तारीख नमूद करून, कोणकोणते भाग कोणत्या अनुक्रमांकाचे दिले याचे प्रमाणपत्र दुकानाच्या लेटरहेडवर सहीशिक्क्यासह देण्यास कुठलाच कर आडवा येत नाही.

हे सगळे तोंडी सांगून उपयोग झाला नाही. म्हणून मी लेखी ईमेल पाठवला. त्यात खरेदीची तारीख, यूपीआय व्यवहाराचा क्रमांक, प्रत्येक भागाच्या पेटीवरचा अनुक्रमांक आणि माझी मागणी एवढेच लिहिले, आणि शेवटी दोन वाक्ये जोडली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विहित पद्धतीने बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आणि उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवण्यात येईल. आठवड्यांचे टोलवणे त्या एका ईमेलने संपले. दुकानातून स्वतःहून फोन आला आणि दुसऱ्या दिवशी लेटरहेडवरचे प्रमाणपत्र मिळाले. ज्या कागदाला दहा मिनिटे लागतात, त्यासाठी एखाद्या ग्राहकाला कायद्याचे नाव काढावे लागते, याचा मला आजही संताप येतो.

प्रमाणपत्र हाती येण्यापूर्वी मी आणखी एक गोष्ट तपासली होती, जी प्रत्येकाने पैसे देण्याआधी काउंटरवर उभे राहूनच तपासावी. पेटीवरचा आणि कार्डावरच्या स्टिकरवरचा अनुक्रमांक जुळतो का ते पाहावे आणि कंपनीच्या संकेतस्थळावर तशी सोय असेल, तर तो टाकून भारतातली वॉरंटी कधीपर्यंत आहे ते बघावे. काही कंपन्यांची वॉरंटी खरेदीच्या नव्हे, तर निर्मितीच्या तारखेपासून मोजली जाते. प्रोसेसरच्या बाबतीत सीलबंद पेटीचाच आग्रह धरावा. पेटीविना मिळणारा ट्रे प्रोसेसर स्वस्त असतो, पण त्याला बहुधा फक्त दुकानाच्या शब्दाची वॉरंटी असते, आणि त्या शब्दाची किंमत मी वर सांगितलीच आहे. एसएमपीएसवरच्या ८० प्लस गोल्ड या शिक्क्यावर फार विसंबू नये. तो वीज किती कमी वाया जाते एवढेच सांगतो, आतले भाग किती टिकतील हे नाही.

सेवा केंद्राने प्रमाणपत्र स्वीकारले, कार्ड ठेवून घेतले आणि काही काळाने त्याच मॉडेलचे दुसरे कार्ड दिले. दुसऱ्या कार्डाचा अनुक्रमांक अर्थातच वेगळा होता, म्हणजे पुढे कधी दोष निघाला, तर तोच वाद पुन्हा उभा राहिला असता. म्हणून जुना आणि नवा असे दोन्ही अनुक्रमांक असलेली शिक्क्याची पोच मी तिथेच मागितली. तशी पोच देण्याची त्यांची पद्धत नव्हती. मी ती हातात पडेपर्यंत खुर्ची सोडली नाही.

कार्ड बसवून त्याच रात्री १०८०पी आणि ६० फ्रेम्सवर, ६००० केबीपीएस बिटरेट (दर सेकंदाला पाठवायची माहिती) ठेवून स्ट्रीम केली. राउटरपासून संगणकापर्यंत वायफायऐवजी केबल टाकली होती, आणि छताच्या पंख्याचा आवाज माइकमध्ये येऊ नये म्हणून ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमधला नॉइज सप्रेशनचा फिल्टर लावला होता, कारण आमच्याकडे मे महिन्यात पंखा बंद करून बसणे शक्य नाही. दोन तासांनी स्ट्रीम थांबवली, तेव्हा ओबीएसच्या तळाशी गळलेल्या फ्रेम्सचा आकडा शून्य होता आणि कार्डाचे दोन्ही पंखे फिरत होते.