चपलेचा अंगठा

वडकीच्या पुढे, दिवे घाट समोर दिसायला लागला आणि माझ्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला. ऊन डोक्यावर, पोटात एकादशी. पुणे ते सासवड हा माऊलींच्या वाटेवरचा सगळ्यांत दमवणारा टप्पा, ३० किलोमीटरच्या आसपास. हडपसरला तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे वळली आणि आम्ही सासवडच्या रस्त्याला लागलो. तेव्हापासूनच ती चपल कुरकुरत होती. मीच दुर्लक्ष केलं.

चपल हातात घेऊन तापलेल्या डांबरावर चार पावलं टाकली असतील. मागून आवाज आला, "माऊली, अनवाणी चालू नगा, फोड येत्याल." डोक्यावर तुळस घेतलेली एक आजी. एका हाताने वृंदावन धरलेलं, दुसरा हात तिने माझ्यापुढे केला. "काढा ती पिन." तिच्या बांगडीला तीन सेफ्टी पिना अडकवलेल्या होत्या. घामाने माझी बोटं घसरत होती, पिन निघेना. ती उभी राहिली. तिची दिंडी पुढे सरकत होती आणि तिची काही घाई नव्हती. पिन एकदाची निघाली, मी मान वर केली तोवर ती पताकांत मिसळलीसुद्धा.

पिनेवर अर्धा घाट चढलो. वर एक चांभारदादा छत्रीखाली बसलेले, समोर चपलांचा ढीग. त्यांनी पिन काढली, आरीने भोक पाडलं, मेण लावलेला दोरा दोनदा ओढून घेतला. मी वीसची नोट पुढे केली. "वर्षभर घेतोच की," म्हणाले आणि पुढची चपल उचलली. नोट हातात तशीच. देणं सोपं असतं हो, नुसतं घ्यायचं म्हणजे आपल्यासारख्या पगारदार माणसाचा जीव कासावीस होतो.

सगळंच असं होतं असं नाही. पुढे एका मंडपात केळं एक, ते देताना फोटो काढणारे चार. केळं मी खाल्लं, भूक लागली होती. सासवडला मात्र एका घरातल्या वहिनींनी न विचारता चुलीवर पाण्याचा हंडा चढवला आणि त्यांच्या नवऱ्याला सुनावलं, "तुम्ही उद्या करा आंघोळ."

पिन मी खिशात जपून ठेवली होती, परत द्यायची म्हणून. पण शोधायचं कसं? दिंडीचा नंबर बघितला नव्हता. नाव विचारलं नव्हतं. लाखोंच्या गर्दीत "माऊली दिसल्या का?" असं विचारलं तर सगळेच ओ देणार.

जेजुरी झाली, कपडे भंडाऱ्याने पिवळे झाले. वाल्ह्याला तळावर तीच हिरवी साडी, तीच तुळस दिसली. धावत गेलो. चेहरा वेगळा. तरी सगळी गोष्ट सांगितली, पिन दाखवली.

"ती मी न्हवं," त्या म्हणाल्या. मग हात पुढे केला. "पर आण हिकडं. माझी कालच हरवली."

पिन बांगडीत अडकवली आणि भाकरीला बोलावलं.