गिझरचं सॉकेट बदलताना

आई दर शुक्रवारी पहाटे अंबाबाईला जाते. साडेचारला उठून गिझर लावायचा, अंघोळ, मग घाईत बाहेर. आणि देवळातून परतल्यावर कळायचं की बटण चालूच राहिलंय. राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटला वीस वर्षं झाली, सॉकेटही तेव्हाचंच. ते काढून वेळ लावता येणारं स्मार्ट सॉकेट बसवायचं ठरवलं.

गिझर २००० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टला साधारण ८.७ अँपिअर. १० अँपिअरचं सॉकेट अगदी काठावर चाललं असतं, म्हणून १६ अँपिअरचंच घेतलं. बसवायला गल्लीतल्या वायरमनकाकांना बोलावलं.

काकांनी खोलण्याआधीच बटण बंद करून टेस्टर लावला. डाव्या भोकात दिवा पेटला. समोरून बघताना फेज, म्हणजे करंट घेऊन येणारी वायर, उजवीकडे असायला हवा, आणि बटण बंद असताना कुठेच नको.

"ताई, बटण न्यूट्रलवर हाय, परतीच्या वायरवर. बंद केलं तरी करंट हितंच हाय की!"

माझ्या पोटात गोळा आला. इतकी वर्षं आम्ही बटण बंद करून गिझर बंद झाला असं समजत होतो, पण फेज थेट गिझरपर्यंत पोचत होता. एमसीबी, म्हणजे मीटरजवळच्या पेटीतला सुरक्षेचा खटका, पाडल्यावर टेस्टर विझला. म्हणजे एमसीबी फेजच तोडत होता, अदलाबदल त्याच्या पुढे कुठेतरी झाली होती. बोर्ड खोलला तर आत काळी वायर फेज, लाल न्यूट्रल, म्हणजे नेमकं उलटं!

नवीन सॉकेटमधला रिले (आतला आपोआप चालणारा स्विच) फक्त फेजच्या टोकाची वायर तोडतो. जुन्या जोडणीवर ते तसंच बसवलं असतं, तर मोबाईलवर 'बंद' दिसलं असतं आणि गिझरमध्ये वीज राहिली असती. काकांनी काळी वायर बटणावर घेतली, तिला लाल टेप गुंडाळली, न्यूट्रल आणि अर्थिंग आपापल्या जागी कसलं, आणि एमसीबी चढवून तिन्ही भोकं पुन्हा तपासली.

वाय-फाय जोडायला उगाच अर्धा तास गेला. सॉकेटला वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टाच चालतो, माझा मोबाईल ५ च्या पट्ट्यावर होता. एक सेटिंग मात्र मुद्दाम सांगते: लाईट जाऊन आल्यावर सॉकेट बंदच राहील असं ठेवा. नाहीतर घरात कुणी नसताना गिझर आपोआप सुरू व्हायचा.

आता ४.३५ ला सुरू, ५.०५ ला बंद. १५ लिटर पाणी तापायला तेवढा वेळ पुरतो. जुनं बटण कायम चालू ठेवावं लागतं, नाहीतर सॉकेटलाच वीज मिळत नाही. आईची बोटं सवयीनं तिकडेच जायची, म्हणून त्यावर पट्टी चिकटवलीय.

काकांना रविवारी परत बोलावलंय. फ्रिजचा आणि मिक्सरचा बोर्डही खोलून बघायचाय.