वायरवाले हातमोजे

व्हिडिओ कॉल चालू असतानाच मी जॅकेट अंगात चढवत होते. दोन्ही बाह्यांतून एकेक काळी वायर लोंबत होती. आईचं बोलणं अर्ध्यावरच थांबलं. "अगं, हे काय गुंडाळलंयस अंगाला?" म्हटलं, विजेवर तापणाऱ्या हातमोज्यांच्या वायरी आहेत, मोटरसायकलच्या बॅटरीला जोडायच्या. "आणि पावसात शॉक बसला म्हणजे?"

शॉक नाही बसत. १२ व्होल्टचंच प्रकरण आहे, आणि वाटेत फ्यूज असतो. पण तिचा पुढचा प्रश्न जास्त चांगला होता: "लोकरीचे जाडजूड घालून भागत नाही का?" याचं उत्तर कळायला मला दोन हिवाळे लागले.

या थंड मुलुखात आले तेव्हा ठरवलं होतं, काही झालं तरी गाडी सोडायची नाही. कामावर जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. थंडी सुरू झाली तशा आसपासच्या बाईक एकेक करून ताडपत्रीखाली गेल्या. मी मात्र जाड हातमोजे घेतले, आणि आणखी शहाणपणा करून आत एक पातळ जोडी घातली. हात आणखीनच गारठले. आत इतकं गच्च झालं होतं की बोटं हलेनात. ऊब धरून ठेवते ती आतली हवा, आणि तिलाच मी जागा ठेवली नव्हती. शिवाय दाबामुळे रक्तही नीट पोचत नव्हतं.

गाडीवर हात सगळ्यांच्या पुढे असतात. तुम्ही बसलेले असता, बोटं मात्र वाऱ्याच्या तोंडावर. हवा ० अंशावर असली आणि तुम्ही ताशी ८० किलोमीटरने चालला असाल, तर उघड्या कातडीला तो गारठा उणे १० अंशांसारखा लागतो. त्यात शरीराचा हिशोब असा, की अंग गार पडायला लागलं की ते आधी हातापायांचा रक्तपुरवठा आवळतं आणि ऊब पोटाछातीकडे वळवतं. हातमोजा स्वतः काही गरम नसतो, आलेली ऊब तो फक्त राखतो. रक्तच येईनासं झालं की राखायला उरतंच काय?

पहिल्या हिवाळ्यातल्या एका सकाळची गोष्ट. बोटं आधी दुखत होती, मग दुखायची थांबली. मला वाटलं, चला, सवय झाली. पुढे सिग्नल लाल झाला, समोरच्या मोटारीचे दिवे लागले आणि मी ब्रेक दाबला. म्हणजे दाबला असं मला वाटलं. बोटं लिव्हरवर आहेत की अजून ग्रिपवरच, हे हाताला कळत नव्हतं. खाली वाकून डोळ्यांनी पाहावं लागलं. ८०च्या वेगात एका सेकंदात २२ मीटर जातात. त्या दिवशी मी मागच्या ब्रेकवर आणि नशिबावर थांबले. कामावर पोचल्यावर हेल्मेटचा पट्टा सुटेना. शेवटी दोन्ही तळवे जुळवून, दातांनी हातमोजा ओढून कसाबसा सोडवला. मग कोमट पाण्याखाली हात धरले. बोटांत रक्त परत यायला लागलं तो ठणका मी कोणाला सांगत बसत नाही, पण डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग ग्रिप गरम करणारे हीटर बसवून घेतले. वाईट नाहीत, पण ते तळहात शेकतात, आणि वारा लागतो बोटांच्या पाठीवर. तळवा भाजतोय आणि नखं गोठताहेत, अशी गंमत. विजेच्या हातमोज्यांत तापणारी तार हाताच्या पाठीवरून, प्रत्येक बोटाच्या कडेने टोकापर्यंत फिरवलेली असते. फरक एवढाच आहे, पण सगळा फरक त्यातच आहे.

आधी मी मनगटात बॅटरी असणारे घेतले, कारण वायरींचा कंटाळा. जाताना छान. संध्याकाळी परतीच्या वाटेवर हातमोज्यांवरचा दिवा मिणमिणायचा. थंडीत लिथियम बॅटरी मुळातच कमी वीज देते, त्यात मी सकाळभर तापण्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर चालवलेली. घरी आल्यावर गॅरेजमध्येच, शून्याखालच्या थंडीत, चार्जिंगला लावायचे. हेही चूक. इतक्या गार असताना चार्ज केल्या तर त्या आतून कायमच्या बिघडतात. आधी घरात आणून तासभर ठेवायच्या असतात. मला हे कळेपर्यंत एक बॅटरी दमली होती.

आता वायरवाले. गाडीच्या बॅटरीपासून फ्यूज असलेली एक वायर सीटखालून बाहेर येते, ती जॅकेटच्या आतल्या दुहेरी वायरीला, आणि ती बाह्यांतून हातमोज्यांना. माझी जोडी साधारण २५ वॉट खाते, म्हणजे दोनेक अँपिअर. मोठ्या गाडीला ते जाणवतही नाही, पण लहान गाडीच्या इंजिनातून मुळात वीजच बेताची निघते. तिथे हातमोजे, ग्रिप आणि जादा दिवे एकदम लावले की बॅटरी हळूहळू उतरत जाते. जोडणी किल्लीवर चालणारी ठेवा, गाडी बंद तर वीज बंद.

पहिल्याच आठवड्यात पेट्रोल भरायला थांबले, ऐटीत पाय टाकून उतरले आणि गाडीने मला मागे ओढलं. पिन काढायची राहिली होती. पिन सुटली म्हणून बरं. जोडणी ओढली की सुटणारी असावी, हे कोणी सांगितलं नव्हतं.

यावरून आठवलं. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बफेकी विमानांतले सैनिक विजेवर तापणारे कपडे आणि हातमोजे घालून, विमानाच्या विजेला पिन जोडून बसत. बाहेर उणे ४० अंशांच्या आसपास. त्यांच्या सुरुवातीच्या सूटमध्ये तारेची जोडणी एकसर होती. एका जागी तार तुटली की सगळंच गार. त्यापुढे माझा पाऊण तास म्हणजे काहीच नाही.

वापरायचीही एक रीत आहे. हात गारठल्यावर बटण दाबून उपयोग नाही, निघतानाच लावायचं आणि मग खालच्या पायरीवर आणायचं. वरच्या पायरीवर तासभर ठेवलं तर कातडी भाजू शकते, आणि बधिर बोटांना ते कळतही नाही. ज्यांना मधुमेहामुळे हातांची जाणीव कमी झालीय, त्यांनी तर फारच जपून. आणि छाती उघडी टाकून नुसते हात शेकू नका. गळ्यातून वारा शिरत असेल तर शरीर बोटांचं रक्त आवळणारच. गळ्याभोवतीच्या एका साध्या पट्टीने माझी एक पायरी वाचली.

हे हातमोजे काही जन्मभराचे नाहीत. सध्या माझ्या डाव्या हातमोज्यातली तार तर्जनीच्या सांध्यापाशी, रोज वाकते तिथेच, दगा देतेय. बोट सरळ ठेवलं की ऊब येते, क्लच दाबला की जाते. गर्दीत सारखा क्लच, म्हणजे सारखा गार हात. तरी एवढा हिवाळा काढीन म्हणते. उजव्या हाताचं असं झालं असतं, तर त्याच दिवशी नवी जोडी आणली असती.