एसटीच्या संपात नाशिक ते वणी, लिफ्ट मागत

ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला. नोकरी वणीत, घर पंचवटीत. काळी-पिवळीवाले दुप्पट भाडं सांगायचे आणि सीटं भरल्याशिवाय हलायचे नाहीत. ऑफिसातले काका म्हणाले, "ताई, दिंडोरी रोडला हात करून बघा. मार्केटला माल टाकून गाड्या रिकाम्या परततात."

हात करायचा, पण कुठे? दिंडोरी नाक्यावरच्या गर्दीत कोण ब्रेक मारणार! म्हसरूळ ओलांडल्यावर, गाडी कडेला घेता येईल अशा जागी उभं राहिलं की लोक थांबतात. आणि एकदम वणी सांगायचं नाही. "दादा, दिंडोरीपर्यंत सोडता का?" एवढंच. दिंडोरीतून पुढे गडावर निघालेल्या गाड्या मिळायच्या. सप्तशृंगीला निघालेल्या आजी नातवंडाला मांडीवर घेऊन मला जागा करून द्यायच्या, वर "जेवलीस का?" विचारायच्या.

बाईकवाल्यांसाठी मी स्वतःचं हेल्मेट हातात धरून उभी राहायचे. १५ ऑगस्टपासून नाशकात 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' चालू होतं, चालवणाऱ्याकडे हेल्मेट असायचंच. प्रश्न मागच्याचा असतो. तो आपणच सोडवला की समोरच्याला नाही म्हणायला कारण उरत नाही.

सगळ्यात जास्त साथ दिली ती पिकअपवाल्यांनी. केबिनमध्ये कोथिंबिरीचा वास, डॅशबोर्डवर आडत्याची हिशेबपट्टी, मागे रिकामी क्रेट खडखडतायत. भाव पडलेला असला तर दादा अवनखेडपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. मीही विचारायचे नाही. पैशांचं बोलणं मी आधी कधीच काढलं नाही. मालगाडीत भाडं घेऊन माणसं बसवायला कायद्याने मनाई आहे, मग त्यांना अडचणीत का टाकायचं? उतरताना चहाचे म्हणून पुढे केले तर बहुतेक जण हात जोडायचे.

बसण्याआधी नंबर प्लेटचा फोटो भावाला पाठवायचा, तोही चालवणाऱ्याच्या देखत. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. ज्याला आला, त्याची गाडी मी सोडून दिली. परतताना अंधार पडेल असं वाटलं तर वणीतच मैत्रिणीकडे मुक्काम करायचा, त्यात तडजोड नाही.

द्राक्षांच्या हंगामात मात्र एक गोष्ट मनाला लागली. पेठ-सुरगाण्याकडच्या मजूर बायका पिकअपच्या मागे उभ्याने जाताना दिसायच्या, लेकरं कडेवर. मी केबिनमध्ये, त्या मागे. एकदा दिंडोरीत उतरल्यावर एकीला विचारलं, "संपामुळे फार हाल होतायत ना?" ती म्हणाली, "आमच्या पाड्यावर एसटी येतेच कुठं, ताई?" एप्रिल २०२२मध्ये संप मिटला, मी पुन्हा पास काढला. त्या बायका पिकअपनेच जात राहिल्या.