थुकल्याची खिंड, एकदा चढताना आणि एकदा उतरताना

नेपाळमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर थुकला लागते. थुकला म्हणजे एक ओढा आणि त्याच्या काठची दोन-तीन लॉज, उंची ४६२० मीटर. तेथे लसणाचे सूप पिऊन आम्ही बाहेर पडलो, तेव्हा समोर खुंबू हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा उभा चढ होता आणि त्याच्या माथ्यावर पताकांच्या माळा वाऱ्याने फडफडत होत्या. सह्याद्रीत पंचवीस वर्षे भटकल्यावर चढ पाहून त्याचा अंदाज बांधण्याची सवय लागते. हा चढ राजगडच्या गुंजवणे वाटेच्या निम्मासुद्धा नसेल, असे मी मनाशी म्हटले, आणि मग दहा पावले चालून थांबायचे, पुन्हा दहा पावले, अशा चालीने तो चढायला मला सव्वा तास लागला. कळसूबाईवर कळसूबाई आणि तिच्यावर आणखी एक कळसूबाई ठेवली, तरी त्या खिंडीची उंची गाठता गाठता गाठली जाते. तेथून एव्हरेस्टचा माथा आणखी चार हजार मीटर वर आहे.

खिंडीत मोकळे माळरान आहे आणि त्यावर दगडांचे लहानमोठे चोर्तेन उभे आहेत. खुंबूच्या या बाजूच्या शिखरांवर जे मेले, त्यांची ही स्मारके. १९९६ च्या मे महिन्यातील वादळात आठ गिर्यारोहक मरण पावले, त्यांपैकी स्कॉट फिशर यांचे स्मारक येथे आहे. बाबू छिरी शेर्पा यांचेही आहे. हा माणूस १९९९ साली एव्हरेस्टच्या माथ्यावर कृत्रिम प्राणवायूशिवाय एकवीस तास राहिला होता आणि २००१ साली, दुसऱ्या कॅम्पजवळ छायाचित्रे काढत असताना, बर्फातील भेगेत पडून गेला. एवढ्या कसबी माणसाला इतके साधे मरण यावे, याची संगती मला आजही लागत नाही. पण मला जास्त वेळ थांबवून ठेवले ते नाव नीट न वाचता येणाऱ्या चोर्तेनांनी, ज्यांच्यावर कोरीव पाटी नव्हती, नुसते दगडावर दगड रचलेले होते आणि एखादी विटलेली खादा, म्हणजे मानाचे रेशमी उपरणे, बांधलेली होती.

आमच्या सहा जणांच्या गटाचा वाटाड्या शेर्पा होता. आम्ही त्याला दाइ, म्हणजे दादा, म्हणत असू आणि तो मला दीदी म्हणे. पूर्वी तो मोसमी मोहिमांवर सामान वाहण्याचे काम करी, २०१४ नंतर त्याने ते सोडले. त्या वर्षी १८ एप्रिलच्या सकाळी एव्हरेस्टच्या पश्चिम खांद्यावरून सुटलेला बर्फाचा कडा खुंबूच्या हिमप्रपातावर, म्हणजे बेस कॅम्पच्या वर हिमनदी तुटून कोसळते त्या भेगाळ उतारावर, कोसळला आणि सोळा जण दगावले. सगळे नेपाळी कामगार, पैसे भरून शिखरावर जायला आलेला त्यात एकही नव्हता. दाइ त्या दिवशी बेस कॅम्पवर होता. तेरा प्रेते खाली आणली, तिघे अजून तेथेच बर्फात आहेत, असे तो म्हणाला आणि पुढे चालू लागला. सरकारने सुरुवातीला मृतांच्या घरच्यांना चाळीस हजार नेपाळी रुपये देऊ केले होते, तेव्हा शेर्पांनी काम बंद केले आणि नेपाळच्या बाजूचा तो मोसम जवळजवळ तेथेच संपला.

उंच पर्वत चढण्याचा धोका पत्करावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी चढणाऱ्याच्या बाजूने विचारला जातो. त्याचा जीव, त्याची हौस, त्याची जिद्द, फार तर त्याच्या घरच्यांचे काय, एवढ्यावर तो संपतो. २०१२ च्या मे महिन्यात पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ जण एव्हरेस्टवर पोहोचले, तेव्हा आम्ही पुणेकरांनी पेढे वाटले आणि त्यात मीही होते. त्याच महिन्यात, १९ तारखेला, एका दिवसात चार गिर्यारोहक उतरताना मेले, हे मला कितीतरी उशिरा कळले. पेढे वाटणे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. लोकवर्गणी जमवून, वर्षानुवर्षे कड्यांवर घासून तयार झालेल्या माणसांचे ते यश होते. मात्र त्या यशाच्या हिशेबात दोर बांधणारे, शिड्या टाकणारे, प्राणवायूच्या नळकांड्या वर नेऊन ठेवणारे हात कोणते, हे तेव्हा मी विचारले नव्हते.

हिशेब साधा आहे. पैसे भरून आलेला गिर्यारोहक हिमप्रपातातून मोजक्या वेळा जातो. हल्ली तर बरेच जण उंचीची सवय दुसऱ्याच एखाद्या शिखरावर करून येतात आणि तेथील फेऱ्या आणखी कमी करतात. त्याचा तंबू, त्याचे अन्न, त्याचा प्राणवायू वर पोहोचवणारा शेर्पा मात्र त्याच ढासळत्या बर्फातून एका मोसमात कितीतरी फेऱ्या करतो, त्याही बहुधा ऊन चढण्यापूर्वी, पहाटेच्या अंधारात. म्हणजे माथ्यावर ज्याचा फोटो निघतो, त्याच्या धोक्याचा मोठा भाग दुसऱ्याने आधीच उचललेला असतो. माझे मत असे झाले आहे की, स्वतःचे ओझे स्वतः वाहून, बरोबरीच्या जोडीदारासह चढणाऱ्याने आपल्या जिवाचे काय करावे, हे त्याला सांगणारी मी कोणी नाही. विकत घेतलेल्या शिखराबद्दल मात्र मला बोलावेसे वाटते.

हे मी दाइला बोलूनही दाखवले. तो हसला. ‘दीदी, मग आम्ही काय करायचे? बटाटे लावायचे?’ दोन महिन्यांच्या त्या कामावर त्याने घर बांधले होते आणि दोन्ही मुलांना काठमांडूत शिकायला ठेवले होते. काम वाईट नव्हते, बायकोने शपथ घातली म्हणून सोडले, असे तो म्हणाला. मुलाने हे काम केलेले चालेल का, या प्रश्नाला मात्र तो पटकन ‘नाही’ म्हणाला.

आता माझी गोष्ट. ती लहान आहे आणि शोभेची नाही.

खिंडीपुढच्या मुक्कामी, लोबुचेला, ४९४० मीटरवर, संध्याकाळी माझे डोके दुखू लागले. सकाळपासूनच दुखत होते, हे खरे तर लिहायला हवे. दाइ रोज विचारी, डोके कसे आहे, भूक आहे का, झोप लागली का, आणि मी दोन दिवस ‘मस्त’ म्हणत होते. कारण उघड होते. दुसऱ्या दिवशी गोरकशेप आणि बेस कॅम्प, तिसऱ्या दिवशी पहाटे काला पत्थर, आणि ऑफिसात महिनाभर आधीपासून सगळ्यांना सांगून ठेवलेले. १९९६ च्या त्या मोहिमांत परत फिरण्याची वेळ टळून गेल्यावरही काही लोक माथ्याकडे चालत राहिले, हे वाचताना मी त्यांना मनातल्या मनात नावे ठेवली होती. बेस कॅम्पसुद्धा न पाहिलेली मी त्याहून वेगळे काही करत नव्हते.

जेवणघरात याकच्या शेणाच्या गोवऱ्यांची शेगडी पेटली होती. मी डाळभाताचे ताट न शिवता बाजूला सारले, तेव्हा दाइ उठला. त्याने माझे बोट ऑक्सिमीटरमध्ये घातले, आकडा ६६ आला. मग जमिनीवरच्या फळ्यांमधील एका सरळ फटीकडे बोट दाखवून तो म्हणाला, ‘दीदी, हिच्यावर चाला. टाचेला चवडा लावून.’ तिसऱ्या पावलाला मी बाकावर आदळले. उंचीवर मेंदूला सूज येऊ लागली की माणसाचा तोल जातो, हे मला वाचून माहीत होते. तरीही मी म्हणाले, बूट जड आहेत. दाइने उत्तर दिले नाही. तो आमच्या पोर्टरला हाका मारायला बाहेर गेला होता.

रात्री साडेआठला आम्ही तिघे निघालो: पुढे दाइ, मध्ये त्याच्या दंडाला धरून मी आणि मागे माझी पिशवी पाठीला लावलेला पोर्टर, एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. तो रोज कपाळाला नाम्लो, म्हणजे ओझे पेलणारा पट्टा, लावून आमच्या दोन मोठ्या बॅगा एकत्र बांधून वाहत असे, आणि त्याच्या पायात कापडी बूट होते. मी लोबुचेला येण्याआधी ते पाहिले नव्हते असे नाही. खिंडीत पोहोचलो तेव्हा चोर्तेन दिसत नव्हते, फक्त पताकांचा आवाज येत होता. उतारावर ओहोळाचे पाणी गोठले होते. मागे दगड घरंगळल्याचा आवाज झाला आणि हेडलॅम्प वळवून पाहतो तो मुलगा वाटेच्या कडेला बसलेला, डाव्या हाताने उजवे मनगट धरून. माझी पिशवी त्याच्या पाठीवर तशीच होती. ‘केही भएन, दिदी,’ तो म्हणाला. काही झाले नाही.

थुकल्याच्या खालच्या फेरिचे गावातील दवाखान्यात मला प्राणवायू लावला, इंजेक्शन दिले आणि पहाटेपर्यंत डोक्यातला घण थांबला. खाली उतरणे हेच खरे औषध असते आणि ते मला आधीच मिळालेले होते. मुलाचे मनगट मोडले नव्हते, मुरगळले होते. डॉक्टरांनी क्रेप बँडेज बांधले. मी त्याला पैसे देऊ केले, ते त्याने दोन्ही हातांनी, बँडेजचा हात पुढे करून, घेतले. किती दिले ते लिहायची मला लाज वाटते, कारण त्या वेळी ते मला पुष्कळ वाटले होते.

बाकीचे पाच जण त्या दिवशी बेस कॅम्पला जाणार होते आणि त्यांच्या बॅगा वर लोबुचेतच होत्या. मी दवाखान्याबाहेर उन्हात खुर्चीवर बसले होते, समोर आमा दबलम लख्ख दिसत होता. सात वाजता मुलाने चहा संपवला, नाम्लो डाव्या हाताने गुंडाळून खिशात घातला आणि थुकल्याच्या दिशेने चालू लागला.